जठराचा दाह आणि आखडत जाणारे ताट

दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल हातात पडतो, त्यावर ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ असे लिहिलेले असते आणि घरात पहिला प्रश्न निघतो तो खाण्याचा. आता काय काय बंद करायचे? सल्ला द्यायला सगळेच पुढे येतात. तिखट बंद, आंबट बंद, हरभऱ्याची डाळ आणि वांगे वातूळ म्हणून बंद, शेंगदाणे पित्त वाढवतात म्हणून बंद, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर पचायला जड म्हणून बंद. वर्षभरात मऊ भात, मुगाचे वरण, दूध आणि बिस्किटे एवढेच ताटात उरते, आणि तरीही जळजळ पुरती थांबत नाही. मग यादीत आणखी दोन पदार्थांची भर पडते. या यादीमागची माया खरी आहे, पण तिच्यामागचे गृहीतक तपासायला हवे. जठराचा जुना दाह सहसा रोजच्या जेवणामुळे होत नाही आणि जेवण बदलून तो बराही होत नाही. त्याचे कारण औषधाने दूर करावे लागते. आहाराकडे दोन कामे उरतात: त्रास कमी ठेवणे आणि बिघडलेल्या जठरामुळे शरीरात पडणारी तूट भरून काढणे. यातले दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि वर्ज्य पदार्थांची यादी लांबत गेली की नेमके तेच मागे पडते.

हे समजून घ्यायचे तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते: पोटात जाणवणारी जळजळ आणि जठराच्या अस्तरातला दाह नेहमी बरोबर चालत नाहीत. हे दिसून आले त्याला जवळजवळ दोनशे वर्षे झाली. 1822 मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार उडाला. तो वाचला, पण जठराला बाहेरून पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून पुढे अनेक वर्षे त्याच्या जठराचे निरीक्षण केले आणि 1833 मध्ये ते ग्रंथरूपाने छापले. सेंट मार्टिन मद्य प्यायला की अस्तर लालभडक दिसे, त्यावर चट्टे उठत, आणि तरीही त्याची स्वतःची काही तक्रार नसे, असे बोमाँट यांनी नोंदवून ठेवले आहे. आज सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराचे तुकडे पाहणाऱ्या तज्ज्ञांनाही हेच दिसते. दाह भरपूर आणि तक्रार शून्य, असे असंख्य लोक असतात. उलट जेवणानंतर पोट गच्च होते, वरच्या भागात दुखते, ढेकर थांबत नाहीत, पण अस्तर जवळजवळ निरोगी, असेही तितकेच असतात. म्हणून एखादा पदार्थ खाल्ल्यावर त्रास झाला यावरून त्याने अस्तराला इजा केली असे ठरवता येत नाही, आणि त्रास झाला नाही म्हणून आतले सगळे ठीक आहे असेही धरून चालता येत नाही.

मग दाह येतो कुठून? त्याची मोठी कारणे थोडी आहेत. पहिले आणि जगभर सर्वात व्यापक कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. इतक्या तीव्र आम्लात जिवाणू जगूच शकत नाही असे मानणाऱ्यांना पटेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल स्वतःच जिवाणूंचे मिश्रण प्यायले. काही दिवसांतच त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला दाह झालेला दिसला. या शोधाला 2005 चे नोबेल मिळाले. आपल्याकडे हा संसर्ग बहुतेकांना लहानपणी घरातच होतो आणि उपचार न केल्यास जन्मभर राहतो. दुसरे कारण वेदनाशामक गोळ्या. गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी महिनोन् महिने घेतले जाणारे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, आणि हृदयासाठीचे ॲस्पिरिन. या गोळ्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मितीच रोखतात, आणि हा परिणाम रक्तातून होतो. त्यामुळे गोळी दुधाबरोबर किंवा भरल्या पोटी घेतली म्हणजे धोका टळला, असे होत नाही. तिसरे कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने जठराच्या पेशींवरच केलेला हल्ला. मद्य आणि तंबाखू आधीच झालेला दाह वाढवतात. यात ठेचाही नाही आणि मिसळही नाही. त्यांच्यामुळे जुना दाह सुरू होतो असे दाखवणारा भक्कम पुरावा आजवर मिळालेला नाही.

पथ्याने जठर बरे करण्याचा मोठा प्रयोग वैद्यकाने करून पाहिलेला आहे. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी 1915 मध्ये अल्सरच्या रोग्यांना दर तासाला दूध आणि साय देण्याची पद्धत मांडली. सोबत आम्लनाशक पावडरी असत. अनेक दशके जगभरच्या रुग्णालयांत हे पथ्य पाळले गेले. दूध-क्षारांच्या अतिरेकाने काही रोग्यांच्या रक्तातले कॅल्शियम वाढले, मूत्रपिंडे बिघडली, आणि अल्सर मात्र परत परत येत राहिले. पुढे 1976 मध्ये अमेरिकेत झालेल्या मोजणीत दिसले की दूध प्यायल्यावर जठरातले आम्ल उलट वाढते. थंड दुधाने जळजळ क्षणभर शमते ती दूध आम्लाला तात्पुरते बोथट करते म्हणून. थोड्या वेळाने त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. याचा अर्थ दूध वाईट असा मुळीच नाही. दूध हे अन्न आहे आणि ते अन्न म्हणूनच प्यावे. औषध म्हणून रात्री-अपरात्री घोट घेत राहण्यात फायदा नाही.

मिरचीवरचा आरोप तर याहून जुना आहे आणि त्याची तपासणीही नीट झालेली आहे. दिल्लीत 1984 मध्ये लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर असलेल्या 50 रोग्यांवर अभ्यास झाला. सगळ्यांना आम्लनाशक औषध होतेच. निम्म्यांना रुग्णालयाचे नेहमीचे जेवण दिले, निम्म्यांना त्याच जेवणासोबत रोज 3 ग्रॅम लाल तिखट. चार आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा दोन्ही गटांत अल्सर भरून येण्याचे प्रमाण 80 टक्क्यांच्या वरच होते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डेव्हिड ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये 12 निरोगी स्वयंसेवकांना एकदा सौम्य जेवण, एकदा झणझणीत मेक्सिकन जेवण आणि एकदा सौम्य जेवणासोबत ॲस्पिरिन देऊन त्यांच्या जठरात दुर्बीण घातली. झणझणीत जेवणाने अस्तराला इजा झाल्याचे दिसले नाही. ॲस्पिरिनने मात्र ती केली.

यावर कोणीही म्हणेल: पण माझे पोट तर खरोखर जळते, ते काय खोटे? ते शंभर टक्के खरे आहे. मिरचीतले कॅप्सायसिन हे द्रव्य मज्जातंतूंवरच्या एका ग्राहकाला चिकटते. हा ग्राहक एरवी उष्णतेची सूचना देण्यासाठी असतो. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल मिळाले. म्हणजे काहीही भाजलेले नसताना भाजल्याची वर्दी मेंदूकडे जाते, आणि ज्यांच्या जठराचे मज्जातंतू हळवे झालेले असतात त्यांना ती वर्दी अधिक तीव्रतेने मिळते. अशा माणसाने तिखट कमी करावे, त्यात वाद नाही. मात्र आपण त्रास कमी करतो आहोत, रोग बरा करत नाही, हे मनाशी स्पष्ट असावे. इटलीतल्या बोलोन्या शहरात तर पोटाच्या अशाच तक्रारी असलेल्यांना पाच आठवडे रोज अडीच ग्रॅम लाल मिरचीची पूड कॅप्सूलमधून देण्यात आली. सुरुवातीला काहींचा त्रास वाढला, पण पुढे त्यांच्या तक्रारी औषधविरहित कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाल्या, कारण सततच्या संपर्काने तो ग्राहक बधिर होतो. हा उपचार घरी करून पाहावा असे मी म्हणत नाही. अतिरेकी तिखट खाण्याचा संबंध जठराच्या कर्करोगाशी असू शकतो असे मेक्सिकोतल्या एका अभ्यासात दिसले होते, तेही नजरेआड करू नये. आमटीत तिखट किती असावे हे पथ्याच्या छापील कागदापेक्षा ज्याच्या त्याच्या सोसण्यावर ठरवणे योग्य, एवढेच या पुराव्यावरून निघते.

झणझणीत जेवणानंतर होणाऱ्या त्रासात मिरचीचा वाटा किती आणि बाकीच्यांचा किती, हेही पाहायला हवे. सावजी मटणाच्या रश्शावर किंवा मिसळीच्या तर्रीवर बोटभर तेल असते. चरबी जठरातून पुढे सरकायला सर्वात जास्त वेळ घेते, त्यामुळे पोट तासन् तास भरलेले राहते. त्यात दोन पाव जास्त, वर चहा, आणि रात्रीचे जेवण असेल तर लगेच अंथरूण. एकाच बैठकीत फार खाणे, फार तेलकट खाणे आणि जेवल्याबरोबर आडवे होणे या तीन गोष्टी बदलल्या तर बहुतेकांचा निम्मा त्रास मसाल्याला हात न लावता कमी होतो. आपल्या उपवासांचेही तसेच आहे. दिवसभर चहावर काढायचे आणि मग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर तळलेले वडे. यात लांबलेली पोकळी, तेल आणि भरमसाट खाणे तिन्ही एकत्र येतात, आणि साबुदाण्यातून पिठूळ पदार्थापलीकडे फारसे काही मिळतही नाही. उपवास करू नये असे नाही. फळे, ताक, राजगिरा, भगर असे थोडे थोडे, दोन-तीनदा खाऊन तो करता येतो.

आता त्या मुद्द्याकडे, जो मला सर्वात काळजीचा वाटतो. दाह वर्षानुवर्षे राहिला की आम्ल तयार करणाऱ्या पेशी झिजतात आणि अस्तर पातळ होते. अशा जठरात आम्ल कमी असते. म्हणजे ज्याला घरचे ‘तुझे पित्त वाढलेय’ म्हणत असतात त्याच्या पोटात कदाचित पुरेसे आम्ल उरलेलेच नसते. आम्ल केवळ पचनासाठी असते असे नाही. डाळी, पालेभाज्या, धान्ये यांतले लोह आतड्यात शोषले जाण्याजोग्या रूपात आणण्यासाठी आम्ल लागते आणि क जीवनसत्त्व लागते. हेलिकोबॅक्टरचा संसर्ग असलेल्या जठररसात क जीवनसत्त्वही कमी झालेले असते. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेले बी-12 जीवनसत्त्व सुटे करायला आम्ल लागते, आणि ते पुढे आतड्यात शोषले जाण्यासाठी जे प्रथिन लागते तेही त्याच झिजलेल्या पेशी बनवतात. आता यावर आपली वर्ज्य यादी ठेवून पाहा. आंबट बंद म्हणजे लिंबू, आवळा, पेरू, संत्रे गेले. लोहाला मदत करणारे क जीवनसत्त्व नेमके यांतच होते. पालेभाजी वातूळ म्हणून गेली, मोडाची कडधान्ये गॅस करतात म्हणून गेली, अंडे उष्ण म्हणून गेले. राहिला तो भात आणि दिवसातून चार-पाच वेळा चहा, जो जेवणासोबत घेतला तर उरलेल्या लोहाचेही शोषण कमी करतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट विशेष गंभीर आहे, कारण इथे बी-12 ची पुंजी मुळातच तोकडी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील शहरी आणि ग्रामीण पुरुषांची तपासणी केली, तेव्हा 67 टक्के जणांच्या रक्तात बी-12 कमी आढळले. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. वनस्पतींतून जवळजवळ नाहीच. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून तूट कळायला वर्षे जातात. आणि कळते तेव्हा ती पोटाची तक्रार म्हणून समोर येत नाही. तळपायाला मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा, सततचा थकवा अशा रूपांत येते आणि वयावर ढकलली जाते. त्यात ‘पोटाची गोळी’ म्हणून पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल वर्षानुवर्षे डॉक्टरांना न विचारता चालू असेल तर आम्ल आणखी घटते आणि बी-12 ची तूट वाढण्याची शक्यताही वाढते. जुना दाह असलेल्या माणसाने म्हणूनच हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी-12 तपासून घ्यावे. तूट असली तर निव्वळ आहाराने ती भरत नाही, पण उपाय सोपा आहे. गोळीतले बी-12 प्रथिनाला चिकटलेले नसते, आणि मोठ्या मात्रेत त्याचा थोडा अंश त्या विशिष्ट प्रथिनाशिवायही शोषला जातो. नाहीतर इंजेक्शन असतेच.

लिंबू-कोकमाने आम्ल वाढेल ही भीती मात्र काढून टाकायला हवी. जठररस लिंबाच्या रसापेक्षाही तीव्र असतो. जेवणात पिळलेल्या अर्ध्या लिंबाने त्याच्या आम्लतेत म्हणण्यासारखी भर पडत नाही. आंबट खाल्ल्यावर कोणाला झोंबत असेल तर ते रिकाम्या पोटी टाळावे, जेवणात मिसळून घ्यावे. पालकाच्या वरणावर लिंबू, मेथीच्या भाजीसोबत आवळ्याचा तुकडा, जेवण आणि चहा यांत तासभराचे अंतर: इतक्या साध्या बदलांनी शोषले जाणारे लोह वाढते. कडधान्ये भिजवून, मोड आणून, नीट शिजवून आणि आधी थोड्या प्रमाणात खाल्ली तर गॅसची तक्रार बहुतेकांना सोसण्याइतकी राहते.

आहाराचा थेट दाहाशीच संबंध लागतो अशी एक ठळक जागा आहे, आणि ती आपल्या यादीत क्वचितच असते: मीठ. कोलंबियाच्या डोंगराळ नारिन्यो प्रांतात पेलायो कोरिया यांनी जठराच्या कर्करोगाचा माग काढला. जुना दाह, मग अस्तराची झीज, मग जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखे अस्तर आणि काहींमध्ये शेवटी कर्करोग, ही साखळी त्यांनी 1975 मध्ये मांडली. ही वाट फार थोडे लोक शेवटपर्यंत चालतात आणि तिला दशके लागतात. पण खारवलेल्या आणि धुरावलेल्या अन्नाने ती सोपी होते, असे जपानपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत अनेक अभ्यासांत आढळले आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत मिठाने अस्तरावरचा संरक्षक थर बिघडवल्याचे दिसते. आपल्याच देशात मिझोरमच्या ऐझॉल परिसरात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण देशातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. तिथे धुरावलेले सुके मांस, डुकराच्या चरबीपासून आंबवलेला साउम आणि तंबाखूच्या धुरातून केलेले तुईबुर हे पाणी यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला आहे. महाराष्ट्राचे प्रमाण तसे नाही. तरी खारवलेला बोंबील, सुकट, लोणचे, पापड, सांडगी मिरची, वरून घेतलेले मीठ आणि संध्याकाळचा फरसाण यांची बेरीज जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दिवसाला 5 ग्रॅमच्या, म्हणजे साधारण चमचाभराच्या, मर्यादेच्या बरीच पुढे जाते. मऊ भातासोबत चवीला लोणच्याची मोठी फोड घेणारा रोगी तिखटाला घाबरतो आणि मिठाला घाबरत नाही. माझ्या मते हे उलट व्हायला हवे.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला परंपरेचा. आयुर्वेदाने अम्लपित्तात पथ्य सांगितलेच आहे, ते काय चुकीचे? ते चुकीचे ठरवण्याची गरज नाही. जुन्या वैद्याचे पथ्य माणसाच्या प्रकृतीनुसार, ऋतूनुसार आणि दुखण्याच्या अवस्थेनुसार बदलत असे. दुखणे उतरले की ते सैलही होई. आज घरोघरी पाळली जाते ती सर्वांना एकच आणि कायमची अशी यादी. त्रास फार असेल त्या आठवड्यात मऊ भात, तूप, मेतकूट, मुगाचे कढण यांसारखा दुसरा आहार नाही. तो आठवडा दहा वर्षे चालवू नये, इतकेच.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: औषधांपेक्षा अन्नानेच जिवाणू घालवला तर? जपानमध्ये 48 संसर्गित लोकांवर हे करून पाहिले गेले. काहींना आठ आठवडे रोज 70 ग्रॅम ब्रोकोलीचे कोवळे अंकुर दिले. जिवाणूंची संख्या आणि दाह दोन्ही घटले, पण अंकुर थांबवल्यावर दोन महिन्यांत परिस्थिती पूर्ववत झाली. याच्याशेजारी चीनच्या लिंचू परगण्यातला अभ्यास ठेवून पाहा. तिथे 1995 मध्ये संसर्ग असलेल्यांना फक्त दोन आठवडे औषधे दिली गेली. 22 वर्षांनी पाहिले तेव्हा औषध घेतलेल्यांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण न घेतलेल्यांच्या साधारण निम्मे होते. भारतात या जिवाणूने काही प्रतिजैविकांना दाद न देणे वाढले आहे. म्हणून औषधांचा क्रम डॉक्टरांनी ठरवावा, तो अर्ध्यावर सोडू नये, आणि संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून जिवाणू गेल्याची खात्री करावी. चाचणीआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही चाचणी नाही म्हणते. त्या औषधांच्या दिवसांत ताक-दही रोज घ्यावे. जुलाब आणि मळमळ यांना थोडा आळा बसतो.

एखादा पदार्थ खरोखर सोसत नाही असे वाटले तर तो तीन आठवडे बंद करावा, एका वेळी एकच. मग दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी नेहमीच्या प्रमाणात खाऊन पाहावा. प्रत्येक वेळी त्रास झाला तरच तो यादीत जावा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासला जावा, कारण दाह उतरला की सोसणेही बदलते. एक पदार्थ यादीत गेला की त्याच्यातून मिळणारे सत्त्व देणारा दुसरा त्याच दिवशी ताटात यावा: हरभरा गेला तर मूग-मटकी, संत्रे गेले तर पेरू, अंडे गेले तर दही किंवा मासा. मात्र शौच डांबरासारखे काळे होणे, वजन आपोआप उतरणे, घास अडकणे, वारंवार उलट्या, रक्त कमी होत जाणे किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची तक्रार यांतले काही असेल तर कोणताही पदार्थ बंद करून वाट पाहू नये. दुर्बिणीची तपासणी लगेच करून घ्यावी, चालू असलेल्या सगळ्या वेदनाशामक गोळ्यांची नावे डॉक्टरांना दाखवावीत, आणि रक्ताच्या नात्यात कुणाला जठराचा कर्करोग झालेला असल्यास ते त्यांनी विचारायच्या आधी स्वतःहून सांगावे.